नऊ पावलांवरचं मीठ

शिडीताईने कंपनीच्या मोठ्या साहेबाच्या अंगावर शिडी फेकली, अशी बातमी आमच्या गल्लीत पंधरा दिवस फिरत होती. लॉन्ड्रीत पोचली तेव्हा साहेबाचा हात मोडला होता. केस कापायच्या दुकानात पोचेपर्यंत त्याचे दोन दात पडले. आणि आमच्या लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी ती मला ऐकवली, तेव्हा साहेब "अजून शुद्धीवर नाही गंऽऽ" इथपर्यंत आला होता. काकूंचा गं पहिल्या मजल्यावर सुरू होतो आणि चौथ्यावर दार उघडलं की संपतो.

तर ते साफ खोटं आहे. शिडीताई शिडी फेकूच शकत नाही. एकोणीस वर्षांत तिने ती कधी जमिनीवर आपटूनसुद्धा ठेवलेली नाही. साहेब त्या शिडीवर स्वतःच्या पायांनी चढला आणि स्वतःच खाली आला, फक्त उतरायला त्याला चढण्यापेक्षा बराच कमी वेळ लागला. तो चढला कशाला, हे सांगायचं तर मिठापासून सुरुवात करावी लागेल.

शिडीताई म्हणजे माझी मावशी. आईची धाकटी बहीण, आमच्याच घरात राहते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात माल लावायचं काम करते. तीन पायऱ्यांची ॲल्युमिनियमची घडीची शिडी डाव्या खांद्यावर, फडकं उजव्या खिशात. जुना माल पुढे, नवा मागे, लेबल समोर. डबा हातात घेतला की आतला माल वर्षाचा आहे की महिन्याचा, हे तिला तारीख न बघता कळतं. तारीख बघते ती फक्त दुसऱ्याला दाखवायला.

या दुकानाच्या पाट्या तिच्यादेखत चार वेळा बदलल्या. पहिल्या पाटीखाली लांब लाकडी टेबल होतं. गिऱ्हाइकाने सांगायचं, आतून माणसाने काढून द्यायचं. दुसऱ्या पाटीने टेबल काढलं आणि लोकांना आत सोडलं. तिसरी पाटी एका मोठ्या कंपनीची. तिने थंड हवा आणली आणि गाणी लावली. चौथी आणखी मोठ्या कंपनीची. तिने बिल करणारी माणसं घालवून सहा मशिनं आणली, आणि तांदळापासून साबणाच्या पावडरीपर्यंत सगळा माल एकसारख्या पांढऱ्या पुड्यांत भरून वर बारीक करड्या अक्षरांत नाव टाकलं. म्हणे देखणं दिसतं. दर पाटीबरोबर मावशीचा एप्रन बदलला. निळा, हिरवा, चॉकलेटी, आता नारिंगी. जुन्या तिन्हींची आमच्या स्वयंपाकघरात फडकी झाली आहेत. चौथ्याकडेही ती बऱ्याचदा त्याच नजरेने बघते.

पण चारही पाट्यांखाली एक गोष्ट जागची हलली नव्हती. मीठ. दारातून आत, उजव्या हाताला, कमरेएवढ्या उंचीवर, नऊ पावलांवर.

मग मांडणीसाहेब आला.

हा हेड ऑफिसचा. कोणती वस्तू कुठल्या फळीवर, हे तीस दुकानांसाठी हा एकटा ठरवतो. हातात टॅब, पायात न वाजणारे बूट. प्रत्येक वाक्याच्या शेपटीला एक "राइट?" बांधलेला. मावशीने घरी येऊन सांगितलं आणि मी लगेच उभी राहून करून दाखवलं, "गिऱ्हाईक मीठ घेणारच, राइट? मग ते दाराशी कशाला, राइट? त्याला बिस्किटांपुढून, चॉकलेटांपुढून, रंगीत बाटल्यांपुढून घेऊन जाऊ. आपण मीठ विकत नाही, आपण प्रवास देतो, राइट?"

"अगदी हाच," मावशी म्हणाली. हसली मात्र नाही. एरवी माझ्या नकलेवर सगळ्यात मोठ्याने तीच हसते.

तिने साहेबाला तिथल्या तिथे विचारलं होतं, "प्रवास द्यायचा तर बसायला जागा तरी ठेवा. म्हातारी माणसं येतात इथे."

"छान सूचना," म्हणून साहेबाने टॅबवर काहीतरी टिपलं. मावशीचं म्हणणं, काहीच टिपलं नाही, नुसतं बोट फिरवलं.

दुसऱ्या दिवशी मीठ गेलं शेवटच्या रांगेत, फरशी पुसायच्या फडक्यांच्या पलीकडे, सगळ्यात खालच्या फळीवर. दारापासून एकाहत्तर पावलं. शेजारी धुण्याचा सोडा, तसाच पांढरा पुडा, तीच करडी अक्षरं. आणि मिठाच्या जुन्या जागी आल्या सुगंधी मेणबत्त्या. मावशीच्याच हातांनी हे सगळं हलवून घेतलं, याचा तिला जास्त राग. "स्वतःच्या हाताने केलं गं मी," असं ती रात्रीच्या जेवणात तीन वेळा म्हणाली.

आता शिंपीकाका. मागच्या इमारतीत तळमजल्यावर एकटे राहतात. चाळीस वर्षं कपडे शिवले, आणि मग डोळ्यांनी दगा दिला. मधोमध सगळं धुकं, कडेने थोडा उजेड. पण घरातलं आणि बाहेरचं सगळं स्वतः करतात. जग त्यांनी मापून ठेवलं आहे. घर ते दुकान दोनशे अठरा पावलं, दार ते मीठ नऊ, तिथून डावीकडे वळून चहा चौदा. कुणी हात धरायला गेलं की म्हणतात, "मी पडलो की धरा." दुकानात कुणाला काही विचारणं म्हणजे त्यांना भर बाजारात कपडे उतरवल्यासारखं वाटतं.

त्या आठवड्यात काका आले, नऊ पावलं चालले, हात पुढे केला, हाताला मेणबत्ती लागली. वास घेतला, परत ठेवली. विचारलं कुणालाच नाही. अर्धा तास भिंतीच्या कडेकडेने फिरत राहिले, शेवटी मागच्या रांगेत कुणी बाई आपल्या मुलीला म्हणताना ऐकू आलं, "हे बघ, मीठ इथे खाली लपवलंय." काका त्या आवाजापर्यंत गेले, वाकले, पुडा उचलला. एक वीतभर डावीकडचा.

उकडलेल्या बटाट्यांवर त्यांनी धुण्याचा सोडा घातला. पहिला घास तोंडात जाताच जीभ भाजली, ओठ सुजले, डॉक्टरकडे जावं लागलं. त्यापुढचं सगळ्यात वाईट. डॉक्टरने मुलीला फोन केला.

मुलगी दुसऱ्या शहरात असते. माणूस म्हणून वाईट नाही, घाबरलेली होती. ती आली, स्वयंपाकघरात तो पुडा बघितला आणि म्हणाली, "बाबा, आता पुरे. सामान बांधू या. माझ्याकडे चला."

"तुझ्याकडे मला एक पाऊलसुद्धा ठाऊक नाही," काका म्हणाले.

बरंच रडणं-बोलणं झालं. शेवटी मुलगी एवढ्यावर आली, "बारा दिवसांनी रविवारी मी येते. माझ्यासमोर दुकानात जायचं, मीठ घ्यायचं, स्वतःच्या हाताने, कुणाला न विचारता. जमलं तर इथेच राहा. नाही जमलं तर त्याच दिवशी निघायचं."

हे मावशीला कळलं ते स्वतः काकांकडून. ती बघायला गेली होती. काकांना नीट बोलता येत नव्हतं, तरी त्यांनी सुजल्या तोंडाने सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "एकाहत्तर पावलं पाठ करेन मी. पण तिथे दोन सारखे पुडे आहेत."

"काही पाठ करू नका," मावशी म्हणाली. "रविवारी या. नऊ पावलं, उजवा हात."

"आणि तिथे मीठ नसलं तर?"

"असेल."

हे बोलताना तिच्या डोक्यात काहीही योजना नव्हती, फक्त संताप होता. तो घेऊन ती घरी आली आणि पातेल्यांची झाकणं लावताना सुद्धा आवाज करू लागली. "आंधळं करायचं माणसाला आणि वर म्हणायचं तुला दिसत नाही! पुडा सारखा केला कुणी? मीठ हलवलं कुणी? आणि सामान कुणी बांधायचं तर त्या माणसाने!"

मी म्हटलं, "मावशी, ते मीठ काही परत येत नाही. लाव पैज."

पैज अशी ठरली. मी जिंकले तर एक दिवस दुकानाच्या माइकवरून मी घोषणा करणार, हव्या त्या आवाजात. ती जिंकली तर मी एक आठवडा कुणाची नक्कल करायची नाही. स्वतःच्या आवाजात बोलायचं. मला पैज इतकी सोपी वाटली की कुठल्या आवाजात घोषणा करायची, याचीच मी तयारी सुरू केली. काही मागायला गेलेल्या माणसाला गप्प करायची कंपनीची काय काय हत्यारं असतात, ते मला ठाऊक होतं.

आणि माझं वाटोळं मीच केलं. आमचं जेवणाचं टेबल एका पायाने आखूड आहे. त्या पायाखाली नारिंगी एप्रनबरोबर मिळालेली कंपनीची नियमपुस्तिका घडी करून घातलेली होती. तयारी म्हणून मी ती ओढून काढली आणि मांडणीसाहेबाच्या आवाजात वाचायला लागले. नखं, राइट? केस बांधलेले, राइट? सातव्या नियमावर आले. "ग्राहकाने एखादी वस्तू विचारल्यास कर्मचाऱ्याने बोट दाखवू नये. हातातले काम तत्काळ बाजूला ठेवून, हसतमुखाने, ग्राहकास त्या वस्तूपर्यंत स्वतः घेऊन जावे, राइट?"

"थांब," मावशी म्हणाली. "परत वाच. राइट सोडून."

मी वाचलं. टेबल डुगडुगत होतं. मावशी पहिल्यांदाच त्या आठवड्यात हसली.

तो नियम कुणीच पाळत नसे. सगळे बोटच दाखवत. "तिकडे, मागे, डावीकडे." दुसऱ्या दिवसापासून मावशीने बोट खिशात घातलं. आणि जेवणाच्या सुट्टीत बाकी सहा जणांना बसवून सातवा नियम वाचून दाखवला. मशिनांपाशी उभी राहणारी मुलगी, जिला सगळे मशीनवाली म्हणतात, ती म्हणाली, "पण ताई, मी मशिनांपासून हलले तर ती बंद पडतात."

"तुझ्या नियमात काय लिहिलंय? मशीन सोडू नये असं लिहिलंय का?"

"नाही."

"मग हसतमुखाने जा."

मीठ कुठे, असं दिवसाला किती माणसं विचारतात, याचा हेड ऑफिसात कुणालाच अंदाज नसावा. मी शाळेतून येताना रोज थांबून ऐकायची. शिंकल्यासारखा "मीठ?" म्हणणारा घाईतला माणूस. "बरं का, मीठ आपण कुठे ठेवलंय?" असं दुकान अर्धं आपल्या मालकीचं असल्यासारखं विचारणाऱ्या बाई. फोन कानाला लावून आलेला एक नवा नवरा, "सापडलं नाही तर चालेल का गं? ... नाही चालणार. बरं." प्रत्येकाला मावशी हातातलं खोकं खाली ठेवून म्हणायची, "चला." जाताना एकाहत्तर, येताना एकाहत्तर. आणि येताना रांगेच्या तोंडाशी पुढचं गिऱ्हाईक उभंच.

माल खोक्यातच राहू लागला. फळ्यांना भोकं पडली. मशीनवाली गेली की सहाच्या सहा मशिनं एका सुरात बोलायची, गोड पण वर नाक असलेल्या आवाजात, "अनपेक्षित वस्तू आढळली. कृपया कर्मचाऱ्याची प्रतीक्षा करा." रांग दारापर्यंत गेली, मग दाराबाहेर. लोक चिडायचे, आणि चिडले की विचारायचे, "हे चाललंय काय?" मावशी सांगायची, "प्रवास."

दुकानाचा प्रमुख हा एक घाबरट, पाप्याचं पितर असलेला तरुण माणूस. त्याला सगळे हो-सर म्हणतात, कारण फोनवर तो दुसरं काही बोलतच नाही. "हो सर. हो सर. बघतो सर. नाही, म्हणजे हो सर." पाचव्या दिवशी तो मावशीकडे आला.

"शिडीताई, आकडे लाल झालेत वर."

"मग नियम सात रद्द करा. लेखी द्या, मी लगेच बोट दाखवते."

हो-सरचा चेहरा पडला. कंपनी दर महिन्याला एक खोटं गिऱ्हाईक पाठवते, आणि त्याला कुणी बोट दाखवलं तर गुण कापते. हो-सर लेखी देणार कसं?

मग तो भावनेवर आला. "कंपनीचं मीठ खाता तुम्ही, ताई!"

"खाल्लं असतं हो," मावशी म्हणाली. "सापडलं तर."

तरी त्या रात्री ती घरी आली तेव्हा पाय सुजले होते. आईने गरम पाण्याचं घमेलं दिलं आणि म्हणाली, "नोकरी घालवशील. एका माणसाच्या मिठासाठी?"

"एका माणसाच्या नाही. आणि असलं तरी काय? त्याने चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या मापाने कपडे शिवले. आता याच्या मापाने एक पुडा ठेवता येत नाही कुणाला?"

आईने घमेल्यात आणखी गरम पाणी ओतलं. पैज आठवून मला पहिल्यांदा जरा धाकधूक झाली.

अकराव्या दिवशी, शनिवारी, दुकान खच्चून भरलेलं असताना मांडणीसाहेब स्वतः आला. रांग बघून त्याच्या बुटांनीसुद्धा आवाज केला. "एवढं काय अवघड आहे, राइट? मीठ कुठंय?"

त्याने तोंडातून तो प्रश्न काढला आणि मावशीने हातातलं खोकं खाली ठेवलं. "चला सर." हसतमुखाने. साहेबाला नाही म्हणता येईना. पुढे मावशी, मागे साहेब, शेजारच्या रांगेतून मशीनवाली आणि तिचं गिऱ्हाईक, त्यामागे हो-सर. फडक्यांपाशी येईस्तोवर साहेबाला धाप लागली होती.

त्याने खाली वाकून बघितलं. "खाली दिसत नसेल तर वर ठेवू, राइट? सगळ्यात वरच्या फळीवर, लांबूनही दिसेल असं. दाखवतो." आणि मावशीच्या खांद्यावरची शिडी त्याने स्वतःच्या हाताने उतरवली, उघडली, चढला.

"सर, तिसरी पायरी—"

"मला कळतं, राइट?"

तिसरी पायरी एकोणीस वर्षं हलते आहे. मावशी तिच्यावर कायम डाव्या कडेला पाय ठेवते. साहेबाने मधोमध ठेवला. तो खाली आला तो थेट संडासच्या कागदांच्या गुंडाळ्यांच्या डोंगरात, बसलेल्या अवस्थेत. खरचटलंसुद्धा नाही. दात, हात, शुद्ध, सगळं जागेवर.

तिथे एक आजी उभ्या होत्या. गळ्यात कंपनीचं कार्ड बघून त्यांनी गुंडाळ्यांतल्या साहेबालाच विचारलं, "अहो, चहाची पूड कुठे मिळेल?"

साहेबाने बोट वर केलं.

"सर," मशीनवाली हळूच म्हणाली, "नियम सात."

सगळी रांग बघत होती. साहेब उठला, कपडे झटकले, "चला आजी" म्हणाला आणि निघाला. चहा कुठे आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. मिठाबरोबर त्याचीही जागा बदलली त्यानेच होती, टॅबवर. बिस्किटांकडे गेला, तेलाकडे गेला, बाटल्यांपुढून दोनदा गेला. आजी प्रत्येक वळणावर विचारत होत्या, "आता आला का हो?" मावशीला ठाऊक होतं, पण तिला कुणी विचारलं नव्हतं. अकरा मिनिटांनी चहा सापडला, तोही आजींना.

हो-सरच्या खोलीत बसून साहेब दोन पेले पाणी प्याला. मग म्हणाला, "मीठ दाराशी घ्या. तात्पुरतं. आपण याला मूळ प्रवास म्हणू, राइट?"

मेणबत्त्या गेल्या, मीठ आलं. हे मावशीने एकटीने केलं, कुणाला हात लावू दिला नाही. पुडे पांढरेच राहिले. चहाही आपल्या जुन्या जागी परतला नाही, आणि त्यावरून ती अजूनही चिडलेली आहे. संध्याकाळी तिच्या हातात एक पत्र पडलं. त्यात "ग्राहकसेवेचा अतिरेक केल्याबद्दल" तिला लेखी समज दिली होती. तिने ते दोनदा वाचलं, घरी आणलं, चार घड्या केल्या आणि टेबलाच्या आखूड पायाखाली घातलं. पुस्तिकेपेक्षा ते जास्त बरोबर बसलं.

रविवारी काकांची मुलगी आली. ती दारातच थांबली, हाताची घडी घालून. काका आत आले. मावशी मुद्दाम पाठ करून बिस्किटं लावत होती, कारण बघितलेलं त्यांना कळतं. मी मात्र बघितलं. एक, दोन, तीन. सातव्यावर ते जरा अडखळले. आठ. नऊ. उजवा हात गेला, पुड्यावर टेकला. त्यांनी तो उचलला, पण पिशवीत टाकला नाही. कोपरा नखाने फाडला, बोट आत घातलं, चाटलं. जीभ अजून दुखत असणार.

मग पिशवीत टाकला.

मुलीने दारातच डोळे पुसले आणि म्हणाली, "बरं. पण रोज फोन करायचा, बाबा."

"तू उचलत जा," काका म्हणाले. आणि मावशीच्या मागून जाताना, मान न वळवता, "शिडी जरा डावीकडे घ्या, वाटेत येते."

मावशीने घेतली.

पैज मी हरले, हे सांगायला नको. सोमवारी सकाळी आईने आतून विचारलं, "चहा ठेवू का गं?" मी म्हटलं, "हो." नुसतं हो, माझ्या आवाजात. आई हातात पातेलं घेऊन बाहेर आली, कोण आलंय ते बघायला.